ताठरतेची गोळी आणि रक्तदाब : न लाजता समजून घ्यावे असे काही



लागण, खोडवा, बेणे, खताचे हप्ते, तोडणीचा कार्यक्रम या विषयांवर आपण या पानांतून नेहमीच बोलत असतो. आजचा विषय जरा अवघड आहे. चारचौघांत त्याचे नाव निघाले की लोक एकतर हसतात, नाहीतर माना खाली घालतात. पण हसण्यावारी नेऊन आणि माना खाली घालून जीवाशी गाठ पडते, म्हणून तो आज उघड मांडत आहोत. घरातल्या माताभगिनींनीही हा लेख वाचावा. का, ते पुढे येईलच.

वय वाढले, मधुमेह जडला, रक्तदाब मागे लागला की पुष्कळ पुरुषांना इंद्रियाला पुरेसा ताठरपणा न येण्याची तक्रार सुरू होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. थोड्या ना थोड्या प्रमाणात ही तक्रार असणारे त्यात निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के निघाले. तेव्हा हे काही पाप नव्हे आणि कुणा एकट्याच्याच वाट्याला आलेले नव्हे. दुखणे आहे, आणि त्यावर औषध आहे.

अडचण औषधाची नाही. ते घेण्याच्या आपल्या पद्धतीची आहे. खत घालताना आपण गोणीवरचे आकडे वाचतो. दोन फवारे एकत्र मारायचे की नाही हे दहा जणांना विचारून घेतो. पण ही गोळी मात्र कुणालाच न विचारता, मित्राच्या खिशातून किंवा तालुक्याच्या गावच्या दुकानातून गुपचूप घेऊन गिळतो. पिकाला जेवढे जपतो तेवढे तरी स्वतःला जपायला नको का?

गोळी मुळात कशासाठी शोधली?

या जातीच्या गोळ्यांपैकी पहिली म्हणजे सिल्डेनाफिल. ‘व्हायग्रा’ हे तिचे पहिले व्यापारी नाव. इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच नावाच्या गावी फायझर कंपनीची प्रयोगशाळा होती, तिथे ती तयार झाली. त्या वेळी शास्त्रज्ञांच्या डोक्यात ताठरता वगैरे काही नव्हते. त्यांना हृदयशूलावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेवर, औषध हवे होते. रक्तवाहिन्या सैल पडाव्यात, हृदयाला रक्त जास्त मिळावे, असा बेत होता. हृदयशूलावर गुण बेताचाच आला. पण चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला आणि औषधाची वाट बदलली. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेने तिला ताठरतेच्या तक्रारीसाठी मान्यता दिली. पुढे टॅडालाफिल, व्हार्डेनाफिल या भावंड गोळ्या आल्या. आज आपल्याकडे कितीतरी कंपन्या वेगवेगळ्या नावांनी त्या बनवतात. म्हणून पाकिटावरच्या मोठ्या नावापेक्षा खाली बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते पाहावे.

यातून पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्या : ही गोळी मुळातच रक्तवाहिन्यांची गोळी आहे. ती रक्तदाबाला हात लावणार नाही असे होणारच नाही.

रक्तदाब म्हणजे पाटाचा दाब

रक्तदाब समजायला शेतकऱ्याला पुस्तक नको. विहिरीवर पंप, पंपाला पाईप, पाईपातून पाटात आणि पाटातून सरीत पाणी. हृदय हा पंप, रक्तवाहिन्या हे पाईप आणि पाट. पंप जोर लावतो तेव्हाचा दाब हा वरचा आकडा, दोन ठोक्यांमध्ये पंप विसावतो तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. १२० वर ८० हा निरोगी माणसाचा साधारण दाब. तो पुन्हा पुन्हा १४० वर ९० किंवा त्यापेक्षा जास्त भरला तर डॉक्टर रक्तदाब वाढला म्हणतात.

आता दारं धरताना एकाच वेळी दहा सऱ्यांची तोंडं फोडली तर काय होते? पाणी सगळीकडे पसरते, पाटातला जोर जातो आणि उंचवट्यावरच्या सरीला पाणी चढतच नाही. शरीरातही तसेच. सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडल्या की दाब उतरतो. आपल्या शरीरात उंचवट्यावरची सरी कोणती? डोके. म्हणून दाब उतरला की आधी चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि माणूस उभ्याचा आडवा होतो.

गोळी काम कसे करते?

पुरुषाच्या मनात इच्छा उत्पन्न झाली की मज्जातंतूंकडून निरोप जातो आणि इंद्रियातल्या रक्तवाहिन्यांजवळ नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार होतो. शरीरातल्या वाहिन्यांना हाच वायू ‘सैल पडा’ असे सांगतो, हा शोध लावणाऱ्या रॉबर्ट फर्शगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद या तिघांना १९९८ सालीच नोबेल पारितोषिक मिळाले. या वायूमुळे पेशींत जीएमपी नावाचे एक द्रव्य वाढते, त्याने वाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू सैल होतात, रक्त भरते आणि ताठरता येते. काम झाले की पीडीई-५ नावाचे पाचकद्रव्य त्या जीएमपीचा निचरा करते आणि सारे पूर्ववत होते.

गोळी एवढेच करते की हा निचरा रोखून धरते. हौदाची खालची मोरी बंद केली की वरून थोडे पाणी आले तरी हौद भरतो, तसे. म्हणूनच गोळीने इच्छा उत्पन्न होत नाही. वरून पाणीच सोडले नाही तर नुसती मोरी बंद करून हौद थोडाच भरणार?

पण हे पीडीई-५ फक्त त्या एका अवयवातच असते असे नाही. ते सर्वांगातल्या रक्तवाहिन्यांत असते, फुप्फुसांतही असते. फुप्फुसांतल्या वाहिन्यांचा दाब वाढण्याचा एक गंभीर आजार आहे, त्यावर हेच सिल्डेनाफिल २००५ सालापासून वेगळ्या मात्रेत दिले जाते, आणि ते स्त्रियांनाही देतात. थोडक्यात, आपण एका सरीसाठी पाणी सोडतो, पण थोडी थोडी तोंडं सगळ्याच सऱ्यांची फुटतात. गोळी घेतल्यावर चेहरा लाल होणे, डोके दुखणे, नाक चोंदणे हे जे प्रकार होतात ते याचमुळे.

दाब नेमका किती उतरतो?

लोकांत असा समज आहे की या गोळीने ‘बी.पी. वाढते’ आणि हृदय बंद पडते. हे उलटे आहे. गोळीने दाब वाढत नाही, उतरतो. निरोगी माणसाने सिल्डेनाफिलची १०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर वरचा आकडा सरासरी ८ च्या आसपास आणि खालचा ५ च्या आसपास उतरतो. सर्वांत जास्त उतार घेतल्यापासून तास-दोन तासांत दिसतो. १२० चे ११२ झाले तर धट्ट्याकट्ट्या माणसाला कळतही नाही.

रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याचे काय? अम्लोडिपिन ही गोळी आपल्याकडे पुष्कळांना चालू असते. तिच्यासोबत सिल्डेनाफिल घेतल्यास वरचा आकडा आणखी सुमारे ८ आणि खालचा सुमारे ७ उतरतो असे आढळले आहे. बहुतेकांना हे सोसते. म्हणजे रक्तदाबाचा पेशंट आहे म्हणून ही गोळी वर्ज्यच, असेही नाही. डॉक्टरांनी दाब मोजून, चालू गोळ्या पाहून, कमी मात्रेपासून सुरुवात करून दिली तर ती घेता येते. पण ज्यांचा दाब आधीच ९० वर ५० पेक्षा खाली असतो, किंवा १७० वर ११० च्याही पुढे जाऊन आवरलेला नाही, किंवा ज्यांना गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका वा अर्धांगवायू येऊन गेला आहे, त्यांनी या गोळीच्या वाटेला आपल्या मनाने मुळीच जाऊ नये.

आणि ‘दाब उतरतो ना, मग रक्तदाबाची गोळी बंद करून हीच घेऊ’ असा शहाणपणाही करू नये. हा उतार चार घटकांचा आहे. तो उपचार नव्हे.

जीवावर बेतते ते इथे

आता लेखाचा गाभा. बाकी सारे विसरलात तरी हा भाग विसरू नका.

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची छोटी गोळी पुष्कळ घरांत असते. तिच्यात आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट असते. ती नायट्रेट जातीची. नायट्रोग्लिसरीनची गोळी, फवारा किंवा छातीवर चिकटवायची पट्टी, रोज घ्यायची आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची गोळी हीही त्याच जातीची. निकोरँडिल नावाची गोळी नाव वेगळे असले तरी याच बाजूने काम करते. सुरुंगाच्या दारूत वापरतात तेच हे नायट्रोग्लिसरीन. १८४७ साली इटलीत सोब्रेरो यांनी ते शोधले, आल्फ्रेड नोबेल यांनी त्याचे डायनामाइट केले, आणि म्हातारपणी हृदयशूल जडल्यावर खुद्द नोबेलनाच डॉक्टरांनी ते औषध म्हणून सांगितले.

नायट्रेट शरीरात जाऊन काय करते? तोच नायट्रिक ऑक्साईड पुरवते. म्हणजे हौदाची वरची चावी पूर्ण सोडते. आणि ताठरतेच्या गोळीने खालची मोरी आधीच बंद केलेली. वरून लोंढा, खालून निचरा नाही. अंगातल्या रक्तवाहिन्या अशा काही सैल पडतात की दाब धाडकन कोसळतो. हृदयाला स्वतःलाही रक्त लागतेच. त्याच्या वाहिन्या आधीच चोंदलेल्या, त्यात मागचा जोर गेला, की हृदयच उपाशी राहते. छातीची कळ थांबवायला दिलेली गोळीच मग घात करू शकते.

हे कसे घडू शकते ते पाहा. समजा, पंचावन्न वर्षांचा एक बागायतदार. रात्री अकरा वाजता त्याने गोळी घेतली. कुणालाच सांगितले नाही. पहाटे तीनला लाईट आली म्हणून दारं धरायला मळ्यात गेला. तासाभरात छाती भरून आली, घाम फुटला. कसाबसा घरी आला. घरच्यांनी घाबरून वडिलांच्या डबीतली सॉर्बिट्रेट जिभेखाली दिली. अकरा ते चार, पाच तास झाले, आता काय राहिले असणार असे कुणालाही वाटेल. पण सिल्डेनाफिल निम्मे उतरायलाच सुमारे चार तास लागतात. टॅडालाफिल असेल तर निम्मे उतरायला साडेसतरा तास लागतात आणि परिणाम छत्तीस तासांपर्यंत राहू शकतो. घरच्यांनी प्रेमापोटी केले, पण त्यांना ठाऊकच नव्हते. त्याने सांगितले असते तर?

म्हणून नियम असा : नायट्रेट रोज घेणाऱ्याने, किंवा कधीमधी जिभेखाली ठेवावी लागणाऱ्याने, ताठरतेची गोळी घ्यायचीच नाही. कमी मात्रेतही नाही. ‘आज सॉर्बिट्रेट चुकवतो आणि ही घेतो’ हा हिशेबही चालणार नाही. आणि ताठरतेची गोळी घेतलेल्याला छातीत कळ आली तर सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर निदान ४८ तास घरच्या घरी नायट्रेट द्यायचे नाही. सरळ दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचे : अमुक गोळी, अमुक वाजता. डॉक्टरांकडे नायट्रेट सोडून दुसरे उपाय असतात, पण ते त्यांना कळले तर ना!

माताभगिनींनी हा लेख का वाचावा ते आता कळले असेल. नवऱ्याची शुद्ध हरपलेली असेल तेव्हा डॉक्टरांना सांगणारे तोंड तुमचेच असणार.

लघवीची गोळी आणि इंगळीचा दंश

साठीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडते. त्यासाठी टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन अशा गोळ्या देतात. टेराझोसिन, प्राझोसिन हीही त्याच घरची. त्याही वाहिन्या सैल करतात. दोन्ही एकदम पोटात गेल्या तर झोपेतून उठून उभे राहताना अंधारी येऊन पडायला होते. ज्या वयात ही लघवीची तक्रार, त्याच वयात ती तक्रार, त्यामुळे हा मेळ वारंवार जमतो. लघवीची गोळी अंगवळणी पडल्यावर मगच, आणि अगदी कमी मात्रेपासून, दुसरीचा विचार डॉक्टर करतात.

यातच आपल्या मातीतली एक गोष्ट सांगायला हवी. इंगळी म्हणजे लाल विंचू चावून कोकणात आणि घाटावरही माणसे दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कितीतरी जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवले गेले. पाचट उचलताना, दगडी बांधावर, रात्रीच्या पाण्यावर आपल्याला विंचवाची गाठ कधीही पडू शकते. तेव्हा इंगळी चावून दवाखान्यात गेलात तर प्राझोसिनला नाही म्हणू नका, ती जीव वाचवणारी गोळी आहे. पण त्या दिवशी ताठरतेची गोळी घेतली असेल तर तेवढे सांगा, म्हणजे डॉक्टर दाबावर जास्त नजर ठेवतील.

दारू, ऊन आणि मटणाचे जेवण

दारूनेही वाहिन्या सैल पडतात. गोळीवर भरपूर दारू म्हणजे दाब आणखी उतरण्याचा धोका, आणि वर ताठरतेलाही दारू मारकच. वैशाखात दिवसभर उन्हात राबून अंगातले पाणी आटलेले असते, दाब आधीच खाली असतो. अशा वेळी गोळी घेतली तर चक्कर येण्याचा संभव वाढतो. जुलाब-उलट्या चालू असतानाही तेच.

आणखी एक फसगत. तेलकट, भरपूर जेवणानंतर सिल्डेनाफिल घेतली तर ती अंगी लागायला तासभर उशीर होतो. माणसाला वाटते, गोळीच बोगस निघाली! तो दुसरी गिळतो. मग दोन्ही मागेपुढे अंगावर येतात. चोवीस तासांत एकापेक्षा जास्त गोळी घेऊ नये. पासष्टीपुढच्या माणसाला, यकृत वा मूत्रपिंड अधू असलेल्याला मात्रा कमीच लागते. काही जंतुनाशक आणि बुरशीनाशक गोळ्यांसोबतही, उदाहरणार्थ इरिथ्रोमायसिन वा किटोकोनाझोल, तिचे रक्तातले प्रमाण वाढते.

तंबूतली जडीबुटी

‘इंग्रजी औषध नको, आपले पाल्याचे बरे’ असे म्हणून रस्त्याकडेच्या तंबूतून पुड्या आणणारे पुष्कळ आहेत. अशा ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकलेल्या कित्येक मालांत चोरून सिल्डेनाफिल किंवा त्याचीच भावंडे मिसळलेली असतात, असे देशोदेशीच्या औषध तपासणी खात्यांना वेळोवेळी आढळले आहे. किती घातले, ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. नायट्रेट घेणारा माणूस गोळीला भितो म्हणून पुडी घेतो आणि त्याच खड्ड्यात पडतो. पुडी खाऊन तासाभरात चेहरा लाल, डोके जड, नाक बंद झाले, तर त्यात काय आहे ते समजून जावे.

मूळ दुखणे कुठे आहे?

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. इंद्रियाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर जाडीच्या असतात. हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. ठिबकच्या संचात गाळ साचला तर आधी काय बंद पडते? बारीक नळी. मोठा पाईप मागाहून. तसेच इथे. साखर, चरबी, तंबाखू, विडी यांनी वाहिन्या चोंदू लागल्या की पहिली तक्रार इथे उमटते आणि हृदयाची तक्रार बरेचदा त्यानंतर दोन-पाच वर्षांनी. म्हणजे ही नुसती लाजेची बाब नाही, आगाऊ आलेली नोटीस आहे. गोळी घेऊन नोटीस फाडून टाकू नका. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, हृदयाचा आलेख तपासून घ्या. अटेनोलॉलसारख्या काही रक्तदाबाच्या गोळ्यांनीही ही तक्रार वाढते. तसे वाटले तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी, परस्पर बंद करू नये.

हृदय झेपेल का याची ढोबळ खूण अशी : दोन जिने चढून किंवा भरभर चालून छातीत कळ वा धाप न लागणाऱ्याला संबंध साधारण झेपतो. ज्याला ते जमत नाही त्याने आधी हृदयाचे पाहावे, गोळीचे मागाहून.

ध्यानात ठेवावे असे

१. गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावी. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे दाखवावीत.

२. सॉर्बिट्रेट वा दुसरे नायट्रेट, निकोरँडिल चालू असेल तर ही गोळी नाही म्हणजे नाही.

३. लघवीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही.

४. चक्कर आली तर ताबडतोब आडवे व्हावे, पाय उशीवर उंच ठेवावेत. लगेच उठू नये. बरे न वाटल्यास १०८ ला फोन करावा.

५. छातीत कळ आली तर जिभेखाली गोळी न ठेवता दवाखाना गाठावा आणि काय, किती, केव्हा घेतले ते सांगावे.

६. ताठरता चार तासांहून अधिक राहिली, एकाएकी दिसेनासे वा ऐकू येईनासे झाले, तर तोही तातडीचा प्रसंग समजावा.

७. घरात निदान एका माणसाला सांगून ठेवावे.

सातवा नियम सर्वांत अवघड, आणि सर्वांत मोलाचा. मोटर जळाली तर दुसरी बसवता येते, एक पाळी चुकली तर ऊस पुढच्या पाळीला उभा राहतो. छातीतल्या पंपाला मात्र पुढची पाळी मिळेलच असे नाही. तेव्हा लाज थोडी बाजूला ठेवा आणि आजच आपल्या गोळ्यांची डबी घरच्या माणसासमोर उघडा.